परक्या देशात कोच म्हणून जाताना

खेळणं थांबल्यावर पुढे काय, हा प्रश्न कोल्हापुरात तिशी गाठलेल्या प्रत्येक फुटबॉलपटूला पडतो. शाहू स्टेडियमवर ज्याच्या नावाने अख्खी पेठ घसा बसेपर्यंत ओरडली, तो दोन हंगामांनी त्याच गॅलरीत बसून मॅच बघत असतो. इतक्या वर्षांत पायात आणि डोक्यात साठलेलं सगळं तिथेच थांबतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. मी पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळलो, मग मुंबईत एका ऑफिस टीमकडून हारवूड लीग खेळलो, गुडघ्याने साथ सोडली तेव्हा कोचिंगकडे वळलो आणि पुढे ओमानमधलं मस्कत आणि मालदीवमधलं माले इथे काम केलं. आता कोचिंगचं पहिलं, म्हणजे डी लायसन्स करून आलेली मुलं विचारतात, ‘सर, बाहेर कसं जायचं?’ प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतो.

सांगताना दोन माणसं माझ्या डोळ्यासमोर असतात. पहिले अलेक्झांड्रे गिमारेस. मुंबईकरांनी त्यांना 2016 मध्ये अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनामध्ये मुंबई सिटी क्लबच्या बाकासमोर उभं राहिलेलं पाहिलंय. जन्म 1959 चा, ब्राझीलच्या मासेयो शहरातला. लहानपणीच कोस्टारिकात आले, तिथल्या सॅप्रिसा क्लबकडून खेळले, तिथलेच झाले आणि 1990 च्या वर्ल्ड कपमध्ये कोस्टारिकाकडून बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरले. कोच झाल्यावर याच देशाला त्यांनी 2002 आणि 2006 अशा दोन वर्ल्ड कपना नेलं. पनामा, मेक्सिको, यूएई, चीन, भारत, कोलंबिया अशा देशांत त्यांनी काम केलं. दुसरे बोरा मिलुटिनोविच, 1990 मध्ये गिमारेस ज्यांच्या हाताखाली खेळले ते कोच. बोरांनी मेक्सिको, कोस्टारिका, अमेरिका, नायजेरिया आणि चीन हे पाच वेगवेगळे संघ सलग पाच वर्ल्ड कपमध्ये उभे केले आणि त्यातले पहिले चार बाद फेरीत पोचवले. आपण त्यांच्याएवढे होऊ असं मी म्हणत नाही. पण परक्या ड्रेसिंगरूममध्ये पहिलं पाऊल टाकल्यावर काय करायचं, हे या दोघांच्या कामातून जितकं समजतं तितकं मला कुठल्याही कोर्समध्ये समजलं नाही.

आधी राज्य सोडा

लायसन्सचं थोडक्यात उरकतो. आपल्याकडे डी, सी, बी, ए आणि प्रो अशी चढती उतरंड आहे. मधल्या काळात प्रत्यक्ष संघाबरोबर काम केल्याचा अनुभव मागतात, त्यामुळे वर जायला वर्षं लागतात आणि ती लागू द्यावीत. डीवर परदेशात मिळालीच तर शाळेत किंवा अ‍ॅकॅडमीत लहान मुलांची नोकरी मिळते. बी झालं की क्लबच्या ज्युनियर संघासाठी किंवा असिस्टंट म्हणून तुमचा अर्ज निदान वाचला जातो. मोठ्या संघाचा हेड कोच व्हायचं तर ‘ए’ लायसन्सच्या पुढचाच विचार करा. आणि एशियातलं प्रमाणपत्र युरोपात तसंच्या तसं चालेल असं धरून चालू नका. ज्या देशात जायचंय तिथल्या संघटनेला आधी ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

लायसन्सपेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते आपलं राज्य सोडून काम करणं. खालिद जमील मुंबईच्या मैदानांवर वाढलेले खेळाडू आणि कोच. मुंबई एफसीनंतर ते मिझोरामला आयझॉल क्लबकडे गेले. तो संघ आदल्या मोसमात खालच्या डिव्हिजनमध्ये ढकलला गेला होता, नंतर त्याला परत लीगमध्ये घेतलं. त्याच संघाने 2016-17 ची आय-लीग, म्हणजे देशातली तेव्हाची वरची लीग, जिंकली. भाषा वेगळी, जेवण वेगळं, डोंगरातली हवा वेगळी, प्रेक्षक वेगळे. 2025 मध्ये जमील भारताच्या राष्ट्रीय संघाचे कोच झाले. कोल्हापूरच्या मुलाने आयझॉल, शिलाँग, कोझिकोड किंवा मडगावला एक मोसम काढला की मस्कत त्याला फार लांब वाटत नाही. व्हिसा लागत नाही, आई आजारी पडली तर दुसऱ्या दिवशी घरी पोचता येतं आणि तरीही परकेपणाची पुरती परीक्षा होते. ज्याला हे जमलं नाही त्याने परदेशाचा विचार पुढे ढकलावा, हे मी स्पष्ट सांगतो.

अर्जाबरोबर काय पाठवायचं, तर दोन पानांचा बायोडेटा आणि दहा मिनिटांचा व्हिडिओ. व्हिडिओत तुम्ही मारलेले गोल नकोत. तुमचं ट्रेनिंग सेशन हवं. तुम्ही कुठे उभे राहता, खेळ कधी थांबवता, थांबवून किती बोलता आणि बोलल्यानंतर खेळात काय बदललं, हे त्यात दिसलं पाहिजे. मोबाइल गॅलरीच्या वरच्या पायरीवर लावून घेतलेलं चित्रण पुरतं. आवाज मात्र स्पष्ट हवा, कॉलरला माइक लावा. आणि जो एजंट नोकरी लावून देतो म्हणून तुमच्याकडून आगाऊ पैसे मागतो, त्याचा नंबर तिथल्या तिथे ब्लॉक करा.

सही करण्याआधी

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपली मुलं इथेच फसतात. परदेशी क्लबचा लोगो असलेला कागद बघितला की हात आपोआप पेनाकडे जातो.

1 जानेवारी 2021 पासून फिफाने कोचच्या करारांसाठी स्वतंत्र नियम लागू केलेत. ते माहीत असलेच पाहिजेत. करार लेखी हवा. त्यात कामाचं स्वरूप, दोन्ही बाजूंचे हक्क आणि जबाबदाऱ्या, ठरलेला पगार, कराराची मुदत आणि सह्या हव्यात. ‘वर्क परमिट मिळालं तरच हा करार वैध’ किंवा ‘अमुक लायसन्स असेल तरच वैध’ अशी अट कराराला घालता येत नाही. म्हणजे तुमच्या कागदपत्रांची चौकशी क्लबने सहीच्या आधी करायची, नंतर नाही. दोन महिन्यांचे पगार थकले तर क्लबला लेखी नोटीस देऊन किमान पंधरा दिवसांची मुदत द्यायची, आणि तरीही पैसे आले नाहीत तर योग्य कारणाने करार मोडता येतो. कोच एका देशाचा आणि क्लब दुसऱ्या देशाचा असेल तर हा वाद फिफाच्या फुटबॉल ट्रिब्युनलकडे नेता येतो. तिथे कोचला फी भरावी लागत नाही. वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांच्या आत दाद मागावी लागते, हे विसरू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘उद्या देतो, परवा देतो’ला मुदतीची नोटीस म्हणत नाहीत. ईमेल करा, तारीख टाका, थकलेली रक्कम आकड्यात लिहा.

मात्र हे संरक्षण व्यावसायिक क्लब आणि संघटनांच्या कोचना आहे. आखातातल्या शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून गेलात तर तुम्ही त्या देशाच्या कामगार कायद्याखाली येता. मी मस्कतला शाळेतूनच सुरुवात केली, त्यामुळे हा फरक मला पहिल्या दिवसापासून माहीत होता आणि करार वाचताना मी तो डोक्यात ठेवला.

पगाराच्या आकड्याखाली जे बारीक अक्षरात असतं ते मोठ्याने वाचा, शक्यतो बायकोसमोर. घर कोण देणार आणि त्यात कुटुंब राहू शकतं का? वर्षातून किती विमानतिकिटं आणि कोणाकोणाची? वैद्यकीय विमा तुमचा एकट्याचा की मुलांचाही? मुलांच्या शाळेची फी कोण भरणार? मोसमाच्या मध्यात काढून टाकलं तर किती महिन्यांचा पगार मिळणार? हा शेवटचा प्रश्न विचारायला आपल्या लोकांना संकोच वाटतो, नोकरी लागण्याआधीच नोकरी जाण्याची भाषा अपशकुनी वाटते. पण या पेशात काढून टाकणं हा कामाचाच भाग आहे. बोरांना अमेरिकेने 1995 मध्ये काढलं. आदल्याच वर्षी त्यांनी घरच्या वर्ल्ड कपमध्ये त्या संघाला बाद फेरीत नेलं होतं. संघटनेला त्यांच्याकडून मैदानाबाहेरचं विकासाचं, कचेरीतलं कामही हवं होतं आणि ते त्यांना नको होतं. तेव्हा तुमच्याकडून नेमकं काय हवंय, हेही कागदावर येऊ द्या. फक्त पहिला संघ? ज्युनियर मुलंही? स्थानिक कोचना शिकवायचं? आठवड्यातून किती सेशन?

दहावीच्या वरची शिक्षणाची आणि लायसन्सची प्रमाणपत्रं निघण्यापूर्वी अटेस्ट करून घ्या, तिथे गेल्यावर ते काम फार जड जातं. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवा.

पहिले पंधरा दिवस: बघा

आता मुद्द्याचं. नवीन कोच आल्या आल्या आपली पद्धत लावायला घेतो. चार-तीन-तीनची मांडणी, मागून पासिंग, वरती प्रेसिंग, सगळं पहिल्याच आठवड्यात. खेळाडू मान डोलावतात आणि मॅचमध्ये जुनंच खेळतात.

बोरांचा कोस्टारिकाचा काळ बघा. 1990 चा इटलीतला वर्ल्ड कप तोंडावर आलेला, हातात अवघे काही महिने. देश पहिल्यांदाच वर्ल्ड कपला चाललेला. गट ब्राझील, स्वीडन आणि स्कॉटलंडचा. एवढ्या वेळात कुणालाही नवीन फुटबॉल शिकवता येत नाही. बोरांनी निवड केली. एवारिस्तो कोरोनादोसारख्या देशाच्या लाडक्या खेळाडूला त्यांनी घरी ठेवलं. त्यावरून देशात केवढी नाराजी उसळली. पण जो संघ नेला तो मागे शिस्तीत उभा राहायचा, गोलकीपर गाबेलो कोनेहोवर विश्वास टाकायचा आणि वेगाने पुढे निघायचा. जेनोआत स्कॉटलंडला 1-0 हरवलं, गोल हुआन कायासोचा. तुरीनमध्ये ब्राझीलकडून फक्त 0-1. त्या मॅचला कोस्टारिकाने काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांची जर्सी घातली होती. ते रंग तुरीनच्या युव्हेंटसचेही, त्यामुळे अर्धं मैदान आपोआप छोट्या संघाच्या बाजूने झालं. मग पुन्हा जेनोआत स्वीडन. आधी मागे पडले, 75 व्या मिनिटाला रॉजर फ्लोरेसने बरोबरी साधली आणि बदली आलेल्या एर्नान मेडफोर्डने 87 व्या मिनिटाला विजयी गोल मारला. पुढच्या फेरीत कोनेहो जखमी असल्यामुळे खेळू शकला नाही आणि चेकोस्लोव्हाकियाने 4-1 ने घरी पाठवलं.

मी हे मुलांना सांगतो तेव्हा ते जर्सीच्या गोष्टीवर खूश होतात. मला मात्र निवड महत्त्वाची वाटते. बाहेरून आलेल्या माणसाकडे एक गोष्ट असते जी गावातल्याकडे नसते: कोण कुणाचा पुतण्या, कोण कुठल्या पेठेचा, कोणाला बसवलं तर कोण नाराज होईल, हे त्याला माहीत नसतं. त्याचा फायदा घ्या, पण तो एकदाच मिळतो. चार महिन्यांत तुम्हीही त्या गावातलेच होता.

मी वापरतो तो क्रम सांगतो. पहिल्या दिवशी भाषण दोन मिनिटांचं. नाव, कुठून आलो, सेशन किती वाजता सुरू होणार. लगेच पाच-पाचचे संघ करून छोट्या मैदानावर खेळायला लावायचं आणि स्वतः बाहेर उभं राहून बघायचं. प्रत्येकाच्या शर्टवर पांढरी चिकटपट्टी, त्यावर मार्करने नाव. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तेच, फक्त संघ बदलून. वहीत दोनच रकाने: बॉल पायात असताना हा काय करतो आणि बॉल गेल्यावर काय करतो. पहिल्या रकान्यावर सगळ्यांचं लक्ष असतं, संघ उभा राहतो तो दुसऱ्या रकान्यावर. चौथ्या दिवशी अकरा-अकरा, मधे एकदाही न थांबवता. पाचव्या दिवशी मैदानावर काहीच नाही. त्या दिवशी मी किट सांभाळणारा माणूस, फिजिओ आणि बसचा ड्रायव्हर यांच्याबरोबर चहा पितो. कोण उशिरा येतो, कोण घरी जाताना नव्या पोराला सोबत घेऊन जातो, कोणाचा घोटा दुखतोय पण तो सांगत नाही, हे या तिघांना मालकापेक्षा जास्त ठाऊक असतं.

त्यानंतर सीनियर खेळाडूंना एकेकट्याला भेटा. गटाने अजिबात नको. प्रत्येकाला एकच प्रश्न: गेल्या मोसमात तुम्ही कशामुळे हरलात? सहा जणांनी सहा कारणं दिली तर संघ फुटलेला आहे असं समजा आणि आधी ते काम हातात घ्या. सहाही जणांनी एकच कारण दिलं तर तुमचं अर्धं काम झालं.

आणि स्थानिक असिस्टंट ठेवा. आपल्यासोबत आपलाच मित्र न्यायचा मोह होतो, परक्या जागी मराठीत बोलायला कोणी हवं असं वाटतं. क्लब दोन माणसं घेत असेल तर एक तुमचा आणि एक तिथलाच, आणि खेळाडूंशी रोज बोलणारा तिथला.

देशाकडे काय नाही ते शोधा

बोरांची अमेरिका अभ्यासण्यासारखी आहे. 1991 मध्ये ते आले तेव्हा त्या देशात नाव घेण्याजोगी राष्ट्रीय व्यावसायिक लीगच नव्हती. एमएलएस, म्हणजे मेजर लीग सॉकर, सुरू झाली ती 1996 मध्ये. म्हणजे राष्ट्रीय संघातल्या बऱ्याच मुलांना वर्षभर मॅचच नाहीत. मग संघटनेने खेळाडूंना थेट करारावर घेतलं आणि कॅलिफोर्नियात मिशन व्हिएहोला कायमचा कॅम्प लावला. क्लबसारखं रोज ट्रेनिंग आणि भरपूर मित्रत्वाच्या मॅचेस. 1993 मध्ये त्यांनी इंग्लंडला 2-0 हरवलं. 1994 च्या वर्ल्ड कपला स्वित्झर्लंडशी 1-1, रोझ बोलमध्ये कोलंबियावर 2-1, आणि 4 जुलैला ब्राझीलकडून 0-1.

प्रत्येक ठिकाणी अशी एक उणीव असते आणि ती खेळाडूंच्या पायात शोधून सापडत नाही. ती व्यवस्थेत असते. मस्कतला आमच्या क्लबमधली बरीच मुलं दिवसा पोलिसात किंवा लष्करात नोकरी करायची. ती संध्याकाळी येत ती आधीच थकलेली. शिवाय उन्हाळ्यात सूर्य मावळल्यावरही जमीन तापलेली. तिथे दोन तासांचं सेशन कागदावर छान दिसतं, पण मी ते पंचाहत्तर मिनिटांवर आणलं, धावण्याचा वेगळा तास काढून टाकला आणि सगळी दमछाक बॉलबरोबरच करून घेतली. रमजानमध्ये ट्रेनिंग इफ्तारनंतर, तरावीहची नमाज आटोपल्यावर, रात्री उशिरा. त्या महिन्यात झोपेचं चक्र बदलतं, म्हणून जिमचं वजन कमी करायचं आणि सकाळी कुणालाही बोलवायचं नाही. मालेत उणीव वेगळी होती: जागा. छोटं बेट, दाट वस्ती, मोजकी मैदानं आणि ती वापरणारे अनेक. मिळालेल्या वेळेचं एक मिनिटही वाया घालवायचं नाही म्हणून मी वॉर्म-अप बाहेर रस्त्याकडेला उरकून आत जायची सवय लावली, मैदानावर मांडायचे प्लास्टिकचे कोन आधीच मोजून पिशवीत क्रमाने रचून ठेवायचे. आत पाऊल टाकलं की खेळ सुरू.

भाषेचं फार मनावर घेऊ नका, पण मैदानावरचे वीसेक शब्द विमानातच पाठ करा. मागे या, पुढे सरका, वेळ आहे, माणूस आला, डावीकडे, उजवीकडे, थांबव, सोड. बोरा युगोस्लाव्हियातून निघून स्वित्झर्लंड, फ्रान्स आणि शेवटी मेक्सिकोत खेळले होते. तिथल्या विद्यापीठाच्या पुमास संघात खेळणं थांबवून ते त्याच संघाचे कोच झाले. म्हणजे परक्या भाषेत हुकूम ऐकून घ्यायची सवय त्यांना खेळाडू असतानाच लागली होती. आपल्यापैकी जे अजून खेळतायत, त्यांनी दुसऱ्या राज्यातला एखादा मोसम पगार कमी असला तरी घ्यावा असं मी म्हणतो ते यासाठीच. दुभाष्या मिळाला तर त्याला सेशनच्या आधी अर्धा तास बसवून आज काय करणार ते समजावून सांगा, नाहीतर तो तुमचं वाक्य पोचवेल आणि मुद्दा मधेच सांडेल.

खेळाडूंच्या जेवणात पहिल्या महिन्यात हात घालू नका. त्यांच्याबरोबर बसून खा.

यश कसं मोजायचं

2002 चा वर्ल्ड कप, दक्षिण कोरियातलं ग्वांगजू. चीनची वर्ल्ड कपमधली पहिलीच मॅच, बाकावर बोरा. समोर कोस्टारिका, बाकावर गिमारेस. बारा वर्षांपूर्वी ज्यांच्या संघात बदली खेळाडू होते, त्यांच्यासमोर आता ते कोच म्हणून उभे. कोस्टारिका 2-0 ने जिंकली. मेडफोर्ड याही संघात होता. आदल्या वर्षी, 16 जून 2001 ला, याच संघाने मेक्सिकोला त्यांच्याच अझ्टेका मैदानावर 2-1 हरवलं होतं. वर्ल्ड कप पात्रता फेरीत मेक्सिको त्याआधी त्या मैदानावर कधीच हरला नव्हता, आणि शेवटचा गोल मेडफोर्डचाच.

चीन पुढे ब्राझीलकडून 0-4 आणि तुर्कीकडून 0-3 हरला. तीन मॅच, शून्य गोल, शून्य गुण. फक्त हे आकडे बघितले तर बोरा चीनमध्ये अपयशी ठरतात. पण त्यांना नेमलं होतं संघ पात्र करण्यासाठी. 7 ऑक्टोबर 2001 ला शेनयांगमध्ये ओमानला 1-0 हरवून चीन पहिल्यांदा वर्ल्ड कपला पोचला आणि त्यानंतर आजपर्यंत एकदाही पोचलेला नाही. जपान आणि कोरिया यजमान म्हणून थेट पात्र झाल्यामुळे वाट मोकळी झाली होती हे खरं, तरी त्या वाटेवरून चालावं तर लागलंच. मस्कतमध्ये जुने लोक त्या शेनयांगच्या मॅचबद्दल अजून हळहळतात.

म्हणून करार करतानाच मालकाशी ठरवा: या मोसमात कशाला यश म्हणायचं? पाचवा नंबर? खाली न घसरणं? अठरा वर्षांखालची दोन मुलं पहिल्या संघात आणणं? ईमेलमध्ये लिहून पाठवा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा.

मुंबई सिटीचं उदाहरण तर आपल्या घरचंच. 2016 मध्ये गिमारेस यांच्या संघाने इंडियन सुपर लीगमध्ये 14 मॅचमध्ये 23 गुण मिळवले आणि साखळीत पहिला नंबर काढला. त्याआधी हा क्लब कधी सेमीफायनललाही पोचला नव्हता. दिएगो फोरलान हा सगळ्यात मोठा तारा, केरळवरच्या 5-0 विजयात त्याची हॅटट्रिक आजही लोकांच्या लक्षात आहे. पण संघ उभा होता तो मागच्या फळीवर, गोइयान आणि गेर्सन या सेंटर बॅकच्या, म्हणजे मधल्या बचावपटूंच्या, जोडीवर. साखळीत त्यांनी फक्त 8 गोल खाल्ले. सेमीफायनलला कोलकात्यात 2-3 हार, अंधेरीत 0-0, आणि संपलं. पुढच्या मोसमात लीग लांबली, 18 मॅच झाल्या. मुंबईचे गुण पुन्हा 23, पण नंबर सातवा. तोच कोच, तोच क्लब, तेच गुण. ते मुंबईहून गेले आणि 2019 च्या डिसेंबरमध्ये कोलंबियात अमेरिका दे काली या क्लबला त्यांनी लीग जिंकून दिली. हा क्लब 2011 मध्ये खालच्या डिव्हिजनमध्ये घसरला होता आणि तिथून वर यायला त्याला पाच वर्षं लागली होती.

सातवा नंबर आल्यावर गिमारेस संपले असं आमच्या ओळखीच्या बऱ्याच जणांनी म्हटलं होतं. मी नव्हतं म्हटलं, कारण त्यांच्या संघाची रांग मी पाहिली होती. बॉल गमावल्यावर पहिल्या तीन सेकंदांत कोण कुठे वळतं ते पाहिलं की कोचचं काम कळतं, गुणतक्त्याची गरज लागत नाही. अंधेरीत मॅच असेल तर मी मुलांना वरच्या स्टँडमध्ये नेतो आणि फक्त हेच बघायला सांगतो, बॉल कुठे आहे ते सोडून द्या म्हणतो.

निघताना

मोसम संपला, करार वाढला नाही, तर विमानाचं तिकीट काढण्याआधी एवढं करा. क्लबच्या लेटरहेडवर अनुभवाचं पत्र घ्या, त्यात तारखा आणि पद स्पष्ट हवं, पुढच्या लायसन्सच्या अर्जाला ते लागतं. थकबाकी असेल तर ‘सर्व हिशेब चुकता’ असं लिहिलेल्या कागदावर सही करू नका, कितीही घाई केली तरी. सेशनचे व्हिडिओ आणि वह्यांचे फोटो स्वतःच्या हार्ड डिस्कवर घ्या. खेळाडूंची वैद्यकीय माहिती मात्र क्लबकडेच राहू द्या. असिस्टंटला सगळी ड्रिल्स देऊन या, त्याला पुढचा कोच बहुधा ठेवेलच आणि दुसऱ्या देशातली तुमची पुढची नोकरी कित्येकदा त्याच्याच फोनवरून येते. घरी आलात की आठवडाभरात व्हिडिओचा नवा दहा मिनिटांचा तुकडा बनवा, आठवणी ताज्या असतात तोवर. आणि पुढच्या अर्जात देशांची यादी देऊन थांबू नका, प्रत्येक नावासमोर तिथे संघ कसा होता आणि तुम्ही सोडताना कसा होता हे दोन ओळींत लिहा.